उलटे फिरणारे कपलिंग आणि उघडझाप करणारा तारा

आकाशदर्शनाला जमलेल्या मंडळींचा दुर्बिणीखालोखाल आवडता उद्योग कोणता, असे कुणी विचारले तर एकच उत्तर संभवते: गप्पा! दुर्बीण मांडून व्हावी आणि नेमके त्याच वेळी ढग यावेत, हे इतक्या वेळा घडते की गप्पांवाचून दुसरा इलाजच नसतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. तेव्हापासून आजवर या परिसरातल्या हौशी निरीक्षकांनी ढगांखाली बसून किती रात्री काढल्या असतील याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. ठेवायला हवी होती. कारण अशा वेळी निघालेले प्रश्न कित्येकदा दुर्बिणीतून दिसणाऱ्या दृश्यापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतात.

अशाच एका नोव्हेंबरातल्या रात्रीची ही हकिकत आहे. चिंचवडमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर आम्ही सातआठ जण जमलो होतो. भोसरीच्या एका कारखान्यात देखभालीचे काम करणारे एक फिटरकाका, स्वतःचे गॅरेज असलेला एक मेस्त्री, कॉलेजातली दोन मुले, नववीतली एक मुलगी व तिचे वडील, आणि विज्ञान शिकवण्यात उभी हयात घालवलेला मी. नऊच्या सुमारास वृषभ रास पूर्वेला पुरेशी वर येते. तिच्या एका शिंगाच्या टोकाजवळचा क्रॅब तेजोमेघ आठ इंची दुर्बिणीतून दिसतो का, हे पाहायचे होते. बेत जरा धाडसाचाच होता. पूर्वेला भोसरी, उत्तरेला चाकण, आणि मध्ये रस्त्यांवरचे दिवे, यांच्या उजेडाने तिथले आकाश रात्रीसुद्धा पूर्ण काळे होत नाही. पण आम्हाला ती अडचण आलीच नाही, कारण साडेआठलाच ढगांनी सगळे आकाश झाकून टाकले.

चहा झाला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग फिटरकाका म्हणाले, "सर, एक विचारू? हसणार नसाल तर."

"विचारा की."

"आमच्या पंपहाउसमध्ये मोटर आणि पंप यांना जोडणारं कपलिंग आहे. त्यावर चार बोल्ट आहेत. मोटर चालू असली की ते बोल्ट वेगळे दिसायला नकोत, बरोबर? पण रात्रपाळीला गेलो की मला ते चारही बोल्ट दिसतात. आणि दिसतात ते हळूहळू उलटे फिरताना! मोटर सुलटी, पाणी बरोबर येतंय, आणि कपलिंग आपलं उलटं चाललंय. दिवसा दार उघडं असलं की यातलं काही दिसत नाही."

"रात्रपाळीचा परिणाम, काका," कॉलेजातल्या एकाने म्हटले, आणि व्हायचा तो हशा झाला. पण नववीतली मुलगी हसली नाही. तिने विचारले, "काका, तिथे ट्यूबलाइट आहे का हो?"

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न तिने कसा विचारला याचा तुम्हीही जरा विचार करा. काकांनी दोन परिस्थिती सांगितल्या होत्या: रात्री दिसते, दिवसा दिसत नाही. मोटर तीच, कपलिंग तेच, डोळेही तेच. मग बदलले काय? फक्त प्रकाश. कोणत्याही कोड्याला हात घालताना काय बदलले आणि काय तसेच राहिले हे आधी वेगळे काढावे, असे आम्ही शिक्षक वर्गात सांगतो खरे. पण चहाचा कप हातात असताना ते आठवणारे थोडे.

ट्यूबलाइट होती. तीही जुन्या पद्धतीची, तांब्याच्या वेटोळ्याचा जड चोक आणि स्टार्टर असलेली.

सेकंदाला शंभर वेळा

आपल्या घरात आणि कारखान्यात येणारी वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे तिची दिशा सतत उलटसुलट होत असते. अशी ५० पूर्ण आवर्तने एका सेकंदात होतात. प्रत्येक आवर्तनात प्रवाह एकदा एका दिशेने आणि एकदा दुसऱ्या दिशेने कमाल होतो, आणि या दोन कमालींच्या मध्ये दोनदा शून्यावर येतो. दिव्याला दिशेशी कर्तव्य नाही. प्रवाह कोणत्याही दिशेने वाहिला तरी तो उजळतोच. म्हणून जुन्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट सेकंदाला ५० नव्हे, तर १०० वेळा उजळते आणि १०० वेळा मंदावते.

ती पूर्णपणे विझत मात्र नाही. नळीच्या आतल्या बाजूला जी पांढरी पूड लावलेली असते, ती मध्यंतरीच्या क्षणातही थोडी प्रकाशत राहते. तारेचा जुना बल्ब तर याहून सुस्त. त्याची लालभडक तापलेली तार १/१०० सेकंदात थंड व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून त्याच्या उजेडात ही उघडझाप जवळजवळ जाणवत नाही. आणि सूर्यप्रकाशाची तर गोष्टच सोडा.

एवढी उघडझाप होऊनही ट्यूबलाइट आपल्याला सलग पेटलेली दिसते, याला कारण दृष्टिसातत्य. डोळ्यावर पडलेल्या प्रकाशाचा ठसा थोडा वेळ टिकतो. पहिला ठसा पुसला जाण्यापूर्वी दुसरा उमटला की मधली फट कळत नाही. चित्रपट सलग दिसण्यामागे याच गुणाचा मोठा वाटा आहे.

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, कपलिंग मिनिटाला बरोबर १५०० फेरे करते. म्हणजे सेकंदाला २५ फेरे. प्रकाशाच्या एका झोतापासून पुढच्या झोतापर्यंत, म्हणजे १/१०० सेकंदात, ते पाव फेरा फिरेल. बोल्ट किती? चार. एकमेकांपासून बरोबर पाव फेऱ्याच्या अंतरावर. मग प्रत्येक नव्या झोताच्या वेळी पहिला बोल्ट दुसऱ्याच्या जागी, दुसरा तिसऱ्याच्या जागी आलेला असेल. चारही बोल्ट सारखेच दिसत असल्याने डोळ्याला जागांची ही अदलाबदल कळणार नाही. कपलिंग थांबलेले दिसेल.

"पण आमचं थांबलेलं दिसत नाही, उलटं फिरतं," काका म्हणाले.

"तुमच्या मोटरच्या पाटीवर फेरे किती लिहिलेत?"

"चौदाशे चाळीस." हा आकडा त्यांना विचार करावा लागला नाही. आपल्याकडच्या कारखान्यांत काम केलेल्या कुणालाच करावा लागत नाही.

१४४० फेरे मिनिटाला, म्हणजे २४ फेरे सेकंदाला. एका झोतापासून दुसऱ्यापर्यंत कपलिंग ०.२४ फेरा फिरते. अंशांत सांगायचे तर ८६.४ अंश. पाव फेरा म्हणजे ९० अंश. म्हणजे प्रत्येक झोताच्या वेळी बोल्ट आधीच्या बोल्टच्या जागेपासून ३.६ अंश अलीकडेच राहतो. डोळ्याला वाटते, तोच बोल्ट ३.६ अंश मागे सरकला. असे शंभर झोत एका सेकंदात. शंभर गुणिले ३.६ म्हणजे ३६० अंश. कपलिंग सेकंदाला एक पूर्ण फेरा उलटे फिरताना दिसले पाहिजे!

काकांनी डोळे मिटून, हाताने हवेत फेरा काढून पाहिला. "एक... दोन... तीन... होय सर, साधारण तेवढंच."

येथे मोटरविषयी थोडे सांगायला हवे. या प्रकारच्या मोटरमध्ये स्थिर भागातल्या वेटोळ्यांमुळे एक चुंबकक्षेत्र फिरत असते, आणि फिरणारा भाग त्याच्या मागे ओढला जातो. चार ध्रुवांच्या मोटरमध्ये हे क्षेत्र मिनिटाला बरोबर १५०० फेरे करते. पण फिरणारा भाग त्या क्षेत्राला कधीच गाठू शकत नाही. गाठले तर त्याच्यात वीज निर्माण होणार नाही आणि ओढही उरणार नाही. म्हणून तो थोडा मागे राहतो. या मागे राहण्याला कामगार आणि अभियंते दोघेही 'स्लिप' म्हणतात. १५०० वजा १४४०, म्हणजे ६० फेऱ्यांची स्लिप. आणि काकांना उलटे दिसणारे फेरे मिनिटाला किती? साठच! ट्यूबलाइटचे झोत आणि चुंबकक्षेत्राचे फिरणे, दोन्ही एकाच विजेच्या तालावर चालतात. त्यामुळे विजेची आवर्तने थोडी कमीजास्त झाली तरी बिघडत नाही. बोल्टांचे उलटे फिरणे म्हणजे स्लिपचे उघड्या डोळ्यांना दिसणारे चित्रच आहे. तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळेत याच रीतीने स्लिप मोजायला शिकवतात.

हे ऐकल्यावर काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणखी एक सांगतो. पंपाचा पुढचा व्हॉल्व्ह बंद केला की ते बोल्ट उलटे फिरतात, पण अगदी सावकाश. व्हॉल्व्ह उघडला की भराभर. मला वाटायचं, मलाच भास होतोय."

भास कसला! व्हॉल्व्ह बंद केल्यावर त्या जातीच्या पंपावरचा भार कमी होतो. भार कमी तर स्लिप कमी. मोटर १४७० पर्यंत चढली तर उलटे फेरे मिनिटाला फक्त ३० दिसणार. हा गृहस्थ कित्येक वर्षे नुसत्या डोळ्यांनी मोटरवरचा भार वाचत होता, आणि लोक हसतील म्हणून कुणाला सांगत नव्हता.

थांबलेला चक

त्यांनी हे इतके दिवस मनात का ठेवले होते, तेही मग कळले. पूर्वी ते एका लहान वर्कशॉपमध्ये होते. तिथे एकदा रात्रपाळीला एक नवा हेल्पर लेथच्या चककडे चिंधी घेऊन हात पुढे करताना त्यांनी पाहिला. चक थांबला आहे असे त्या पोराला वाटले होते. आजूबाजूला दहा यंत्रांचा आवाज; त्यात एका लेथचा आवाज वेगळा ओळखू येणे शक्य नव्हते. काकांनी त्याला मागून ओढले. चिंधी चकमध्ये गेली आणि तिच्या चिंध्या झाल्या. हात वाचला. पोरगा शपथेवर सांगत होता की चक थांबलेला होता, आणि सगळ्यांनी त्याला वेड्यात काढले.

तो खोटे बोलत नव्हता. तीन जॉ असलेल्या चकचे गणित तुम्हीच करून पाहा. दोन झोतांच्या मध्ये चक एकतृतीयांश फेरा फिरला की तो थांबल्यासारखा दिसणार. १/१०० सेकंदात १/३ फेरा, म्हणजे सेकंदाला ३३⅓ आणि मिनिटाला २००० फेरे. वेग निम्मा, म्हणजे १००० केला तर काय होईल? तीनऐवजी सहा जॉ दिसतील, अंधुक, पण स्थिर. ट्यूबलाइट पूर्ण विझत नसल्याने स्थिर चित्रावर धूसर पडदा असतोच. नीट पाहणाऱ्याला शंका येऊ शकते. परंतु आठवा तास संपत आलेला, डोळ्यांवर झोप, आणि साहेब मागे उभे. अशा वेळी नीट कोण पाहतो?

ही गोष्ट यंत्रशाळांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि तिच्यावरचे उपायही सोपे आहेत. मोठ्या शेडमध्ये शेजारशेजारच्या ट्यूबलाइट तीन वेगवेगळ्या फेजवर जोडतात. मग एक मंदावते तेव्हा दुसरी उजळलेली असते. एकाच पट्टीत दोन नळ्या असतील तर एकीच्या मार्गात कपॅसिटर घालून तिचा ताल दुसरीपेक्षा मागेपुढे करतात. लेथवर कमी दाबाच्या विजेवर चालणारा तारेचा एक बल्ब बसवण्याची जुनी पद्धत आहे; त्याचा एक फायदा हाही होता. हल्लीचे इलेक्ट्रॉनिक चोक नळीला सेकंदाला हजारो आवर्तने देतात, त्यामुळे प्रश्नच मिटतो. एलईडी दिव्यांचे मात्र दोन्ही प्रकार आढळतात. चांगल्या जोडणीचे दिवे स्थिर प्रकाश देतात. स्वस्तातले काही दिवे जुन्या ट्यूबलाइटपेक्षाही वाईट उघडझाप करतात, कारण त्यांच्यात मध्यंतरी सावरून धरणारी फारशी पूडही नसते आणि तापलेली तारही नसते.

तुमच्या शाळेतला, घरातला दिवा कोणत्या जातीचा आहे? एक पेन दोन बोटांत धरून दिव्यासमोर भराभर हलवा. पेनची सलग धूसर पट्टी दिसली तर प्रकाश स्थिर आहे. सुट्या सुट्या अनेक पेनांचा पंखा दिसला तर दिवा उघडझाप करतो आहे. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली छताचा पंखाही पाहा. तो मिनिटाला ३३३ च्या आसपास फेरे करत असेल तर दोन झोतांमध्ये २० अंश फिरतो. तीन पाती १२० अंशांवर. १२० भागिले २० म्हणजे सहा. तीन सक अठरा. पंख्याला अठरा फिकट पाती दिसतील! आम्ही तिथल्या तिथे खाली एका घरात जाऊन पाहिले. अठरा मोजता आली नाहीत, पण तीनपेक्षा पुष्कळ जास्त होती एवढे सर्वांनी मान्य केले.

गच्चीवर परत आलो तर गॅरेजचे मेस्त्री म्हणाले, "तुम्ही ज्याला घाबरता, त्याच्यावर आम्ही जुन्या गाड्यांच्या वेळी पोट भरलं." आणि खरेच होते. जुन्या पेट्रोल गाड्यांत ठिणगी नेमकी कधी पडते हे पाहायला एक दिवा वापरीत. त्याची तार पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरीला अडकवायची. प्लगमध्ये ठिणगी पडली की त्याच क्षणी दिव्याचा झोत. तो इंजिनच्या फिरत्या पुलीवर टाकला की पुलीवरची खूण जागच्या जागी स्थिर दिसते आणि शेजारच्या अंशांच्या पट्टीवर वाचता येते. आता ठिणगीची वेळ गाडीतला संगणकच ठरवतो, त्यामुळे तो दिवा मेस्त्रींच्या कपाटात पडून आहे. त्यांनी तो मुलांना दाखवायला आणायचे कबूल केले.

आकाशातले कपलिंग

इतका वेळ गप्प असलेल्या त्या मुलीने मग असा प्रश्न विचारला की गप्पा पुन्हा वर, आकाशाकडे गेल्या. "आकाशात असा एखादा तारा असेल का, जो सारखा उघडझाप करतोय आणि आपल्याला मात्र सलग दिसतोय?"

आहे. आणि गंमत अशी की आम्ही त्या रात्री जो क्रॅब तेजोमेघ पाहायला जमलो होतो, त्याच्याच पोटात तो आहे.

१०५४ साली चिनी निरीक्षकांनी वृषभ राशीच्या शिंगाजवळ एक नवा, 'पाहुणा' तारा दिसल्याची नोंद केली. तो इतका तेजस्वी होता की २३ दिवस तो भरदिवसाही दिसत होता. तो एका प्रचंड ताऱ्याचा स्फोट होता. त्याचे उधळलेले अवशेष म्हणजे आजचा क्रॅब तेजोमेघ. तो आपल्यापासून सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या मध्यभागी जवळजवळ दोन अंधुक तारे दिसतात. त्यांपैकी एक हा त्या स्फोटाचा उरलेला गाभा असावा, असे बाडे आणि मिंकोव्स्की या ज्योतिर्विदांनी १९४२ सालीच सुचवले होते. त्यानंतर मोठमोठ्या दुर्बिणींनी त्याची छायाचित्रे घेतली गेली. त्यांत तो साधा, शांत तारा दिसे.

१९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला आकाशातून ठरावीक अंतराने येणारे रेडिओस्पंद आढळले. दर १.३३७ सेकंदाला एक. हा पहिला पल्सार, म्हणजे स्पंदक. पल्सार म्हणजे अतिशय घन असा, स्वतःभोवती गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. दीपगृहाच्या दिव्यासारखा त्याचा झोत फिरतो, आणि आपल्या दिशेने आला की आपल्याला एक स्पंद मिळतो. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, क्रॅब तेजोमेघातही रेडिओस्पंद देणारा पल्सार सापडला. त्याचा वेग मात्र थक्क करणारा होता: सेकंदाला सुमारे तीस फेरे! म्हणजे आपल्या काकांच्या मोटरपेक्षाही जास्त वेगाने एक अख्खा तारा फिरत होता.

तो नुसत्या रेडिओलहरींतच स्पंदतो, की प्रकाशातही? जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेत ॲरिझोना राज्यात कॉक, डिस्नी आणि टेलर या तिघांनी ३६ इंची दुर्बीण त्या ताऱ्यावर रोखली, आणि येणाऱ्या प्रकाशाचे मोजमाप रेडिओस्पंदांच्या तालावर एकावर एक रचत गेले. उपकरणाच्या पडद्यावर हळूहळू एक उंचवटा वर येऊ लागला. तारा प्रकाशातही उघडझाप करीत होता. तिथला ध्वनिमुद्रक चालूच राहिला होता, त्यामुळे त्यांचा त्या वेळचा आनंद आणि अविश्वास आजही ऐकायला मिळतो.

आता यात आपल्या गप्पांच्या दृष्टीने सर्वांत रंजक भाग पुढेच आहे. पुढच्या महिन्यात कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेच्या १२० इंची दुर्बिणीवर मिलर आणि वाम्प्लर यांनी त्या ताऱ्याची उघडझाप डोळ्यांना दिसेल अशी करून दाखवली. कशी? काकांच्या पंपहाउसची युक्ती उलटी करून! पंपहाउसमध्ये दिवा उघडझाप करतो आणि चाक फिरते. इथे तारा उघडझाप करतो. तेव्हा त्यांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर खाचा असलेली एक चकती फिरवली. खाच समोर आली की कॅमेऱ्याला तारा दिसणार, एरवी नाही. चकतीचा वेग ताऱ्याच्या तालापेक्षा किंचित वेगळा ठेवला. समजा तारा सेकंदाला ३०.२ वेळा उजळतो, आणि खाचा सेकंदाला ३०.१ वेळा समोर येतात. दोहोंतला फरक ०.१, म्हणजे दर दहा सेकंदांनी एकदा दोघांची गाठ पडणार. पडद्यावर तारा संथपणे उजळताना आणि संथपणे नाहीसा होताना दिसू लागला. शेजारचा दुसरा तारा मात्र आपला तसाच पेटलेला.

इतकी वर्षे तो तारा लुकलुकत असताना छायाचित्रांत कळले का नाही? कारण छायाचित्राची काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे. त्या वेळात हजारो उघडझापी एकावर एक साठून सरासरी प्रकाशाचा एक ठिपका उमटे. दिवसाच्या उजेडातल्या कपलिंगसारखेच! आणि मोठ्या दुर्बिणीतून थेट डोळ्यांनी पाहिले तरी अवघडच, कारण अंधुक प्रकाशात आपला डोळा आणखी मंद होतो.

या ताऱ्यालाही एक प्रकारची घसरण आहे. त्याचा एक फेरा दररोज सुमारे ३६ अब्जांश सेकंदांनी लांबतो. हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण साठत जातो. १९६९ साली सेकंदाला सुमारे ३०.२ फेरे करणारा तारा आता २९.६ च्या आसपास आला आहे. फिरण्यातली ही गमावलेली ऊर्जाच भोवतालच्या तेजोमेघाला उजळत ठेवते.

"म्हणजे आपण पुढे गेलो असतो तर..." मुलीच्या वडिलांनी उत्तरेकडे, चाकणच्या दिशेने हात केला. त्यांना म्हणायचे होते खोडदविषयी. पुणे-नाशिक रस्त्याने चाकण, राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावला पोहोचले की जवळच खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून ती उभी राहिली, आणि पल्सारांचा अभ्यास हे तिच्या मुख्य कामांपैकी एक आहे. दिवस असो, रात्र असो, ढग असोत, तिला फरक पडत नाही. (हे ऐकून सगळ्यांनी आमच्या झाकलेल्या दुर्बिणीकडे पाहिले.)

पण तिलाही एक त्रास आहे, आणि तो पुन्हा आपल्या ओळखीचाच निघाला. विजेच्या उच्च दाबाच्या तारांवर एखादा सांधा सैल असला, एखादे चिनी मातीचे भांडे तडकले असले, की तिथे बारीक ठिणग्या उडतात. ठिणगी म्हणजे रेडिओलहरींचा गोंगाट. दाब कमाल असताना ठिणगी उडणार, म्हणजे प्रत्येक आवर्तनात दोनदा, सेकंदाला शंभर वेळा. ताल धरून येणारे स्पंद! पल्सार शोधणाऱ्याला नेमके तेच तर हवे असतात.

मग पल्सार कोणता आणि सैल सांधा कोणता, हे ओळखायचे कसे? एक खूण अशी: आपल्या ग्रिडची आवर्तने भारानुसार सतत थोडी हलत असतात. ती ४९.९ ते ५०.०५ च्या दरम्यान ठेवावीत असा नियम आहे, पण म्हणजे हलतातच. पल्सारचा ताल असा डगमगत नाही. दुसरी खूण: अँटेना आकाशात दुसरीकडे वळवली की पल्सार नाहीसा होतो, तारेवरची ठिणगी नाही. तिसरी खूण सर्वांत सुंदर आहे. ताऱ्यांमधल्या पोकळीत विखुरलेले इलेक्ट्रॉन कमी कंप्रतेच्या लहरींना जास्त अडवतात. त्यामुळे पल्सारचा एकच स्पंद वरच्या कंप्रतेवर आधी आणि खालच्या कंप्रतेवर नंतर येऊन पोहोचतो. शेजारच्या शेतातल्या खांबावरची ठिणगी सगळ्या कंप्रतांवर एकदमच येते. तिला रेंगाळायला वाटेत जागाच कुठे आहे?

तुम्ही करून पाहा

लिक वेधशाळेतल्या चकतीची धाकटी बहीण तुम्हाला घरी करता येईल. जाड पुठ्ठ्याची सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाची चकती कापा. तिच्या कडेला सारख्या अंतरावर, म्हणजे दर ३० अंशांवर, बारा अरुंद खाचा पाडा. प्रत्येक खाच सुमारे ३ मिलिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर खोल असावी. मध्यभागी टाचणी टोचून चकती पेन्सिलीच्या मागच्या रबरावर बसवा. केंद्राजवळ बोटाएवढे एक भोक ठेवा, म्हणजे बोटाने चकती फिरवता येईल. आता एक डोळा मिटा, दुसरा खाचांच्या मागे धरा, आणि दिवसाच्या उजेडात चालू पंख्याकडे पाहत चकती फिरवा.

एका ठरावीक वेगाला पंखा थांबलेला दिसेल. तसाच वेग राखून मित्राला घड्याळ पाहायला सांगा. समजा चकतीचे १० फेरे ८ सेकंदांत झाले. खाचा बारा, म्हणजे ८ सेकंदांत तुम्ही १२० वेळा पाहिले, सेकंदाला १५ वेळा. प्रत्येक वेळी एका पात्याची जागा पुढच्या पात्याने घेतली, तेव्हा सेकंदाला १५ पाती सरकली. पाती तीन, म्हणून पंखा सेकंदाला ५ आणि मिनिटाला ३०० फेरे करतो आहे.

यात एक फसगत आहे. चकती निम्म्या वेगाने फिरवली तरी पंखा थांबलेलाच दिसेल. तेव्हा दोन पाहण्यांच्या मध्ये पाती दोन-दोन घरे पुढे जातील. म्हणून वेग वाढवत जा, आणि तीनच पाती दिसणारा सर्वांत मोठा वेग खरा माना. त्याच्याही पुढे गेलात तर तीनऐवजी सहा पाती दिसू लागतील. ती का दिसतात, हे आता तुम्ही सांगू शकाल. शिक्षकांनी पंखा बंद असताना एका पात्यावर रंगीत कागद चिकटवून हाच प्रयोग पुन्हा करून घ्यावा. तो कागद एकाच जागी दिसण्यासाठी चकतीचा वेग किती असावा लागतो, यावर वर्गात चांगला वाद होतो.

त्या रात्री साडेअकराला पश्चिमेकडून आकाश उघडू लागले, पण वृषभ शेवटपर्यंत ढगातच राहिली. दुर्बीण पेटीत भरून आम्ही खाली उतरलो. आठवड्याभराने फिटरकाका भेटले तेव्हा त्यांनी सांगितले की पंपहाउसमध्ये कपलिंगच्या वर त्यांनी तारेचा एक बल्ब लावून घेतला आहे, आणि कपलिंगवर बरेच दिवस नसलेली जाळीही बसवून घेतली आहे. आता बोल्ट दिसत नाहीत. नुसती करडी कडी दिसते.

"पण सर," ते जरा खट्टू होऊन म्हणाले, "भार किती आहे ते आता मीटर बघून सांगावं लागतं."